काउबॉयची वाट लावली म्हणे!

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा. पण अर्धीच वाचून कमेंट टाकू नका, एवढी विनंती.

झालं असं की मागच्या आठवड्यात आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर मी 'साबर बोंडं'बद्दल चार ओळी टाकल्या. रोहन कानवडे या आपल्या मराठी दिग्दर्शकाचा सिनेमा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक सिनेमा विभागात परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळवून आलेला. वडील वारले म्हणून दहा दिवसांच्या सुतकाला गावी आलेला मुंबईचा मुलगा, आणि गावात शेती करणारा त्याचा मित्र. दोघांचं एकमेकांवर प्रेम. मी फक्त एवढंच लिहिलं होतं की चांगला आहे, बघा.

त्यावर एका वर्गमित्राचा मेसेज आला. (नाव सांगत नाही. मी इथे लिहिणार आहे हे त्याला सांगितलंय. "लिही की, घाबरतो काय" म्हणाला.) मेसेज असा: "आधी त्या लोकांनी काउबॉयची वाट लावली. तो ब्रोकबॅक का फ्रोकबॅक आला तेव्हापासून घोड्यावरचा गडी दिसला की पोरं फिदीफिदी हसतात. आता आपल्या शेतकऱ्यावर आलेत. मर्दपणाचं म्हणून काही शिल्लक ठेवणार का नाही?"

खाली बावीस अंगठे. मी मोजले.

शेतकऱ्याचं शेवटी बघू. आरोप काउबॉयपासून सुरू झालाय, तर आधी त्याचा हिशोब करू. आणि एक गोष्ट आधीच कबूल करतो, याला काउबॉयबद्दल वाटतं ते खोटं नाही. आम्ही दोघं एकाच टीव्हीसमोर वाढलो. रात्री कार्टून नेटवर्क बंद व्हायचं आणि त्याच चॅनेलवर टीएनटी सुरू व्हायचं. त्यावर जुने इंग्रजी सिनेमे लागायचे आणि आम्ही आवाज बारीक करून बघत बसायचो. भाषा कळायची नाही. कळायची ती टोपी, घोडा, आणि कमी बोलणारा माणूस. याने तर एकदा कासऱ्याचा फास करून शेजारच्या कालवडीवर टाकला होता. कालवडीने त्याला गोठ्यापासून उकिरड्यापर्यंत ओढत नेलं. ती खूण त्याच्या कोपरावर अजून आहे.

तर, काउबॉय म्हणजे काय? शब्द फोडून बघा. गुरं राखणारं पोर. गुराखी! दुसरं काही नाही. आणि आपल्याकडे गुराख्याची प्रतिमा काय आहे? गणितात नापास झाला की मास्तर काय म्हणायचे? "शाळा सोड आणि गुरं वळायला जा." आपल्या गावात जी शिवी आहे, तीच अमेरिकेत मर्दपणाची शेवटची पायरी कशी झाली? काम तर तेच. ऊन तेच, शेण तेच, मालकाची बोलणीही तीच.

फरक एवढाच आहे की आपल्या गुराख्याच्या नावावर कुणी काही विकलं नाही.

खरा काउबॉय फार थोडे दिवस होता. तिकडचं यादवी युद्ध १८६५ला संपलं. टेक्सासात गुरं मोप होती, पण भाव नव्हता, आणि भाव देणारी गिऱ्हाइकं उत्तरेला. म्हणून गुरांचे कळप हाकत कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनांपर्यंत न्यायचे. दोन-अडीच हजार जनावरं, दहा-बारा माणसं, दिवसाला दहा-पंधरा मैल, असं महिनोन् महिने. पगार महिना पंचवीस ते चाळीस डॉलर. १८७४ मध्ये काटेरी तारेचं पेटंट निघालं आणि मोकळ्या कुरणांना कुंपणं पडायला लागली. मग १८८६-८७चा हिवाळा असा पडला की गुरं उभ्याउभ्या गारठून मेली. खेळ खलास. जेमतेम वीस वर्षांची गोष्ट.

आणि ही माणसं कोण होती? हे सगळं काम त्यांना शिकवलं मेक्सिकोच्या गुराख्यांनी, ज्यांना वाकेरो म्हणायचे. रोडिओ, रँच, लासो हे शब्दसुद्धा त्यांच्याच स्पॅनिशमधून आलेले. दर चारांतला एक काउबॉय काळा असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यातले कितीतरी गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले. आता आठवून बघा, आपण लहानपणी बघितलेल्या सिनेमांत काळा काउबॉय किती वेळा दिसला? मेक्सिकन दिसायचा तो दरोडेखोर नाहीतर झोपाळू. म्हणजे हॉलिवूडने खऱ्या काउबॉयमधले निम्मे लोक पुसून टाकले. तेव्हा "प्रतिमा बिघडवली हो" म्हणून कुणी छाती पिटली का?

प्रतिमा घडवली कुणी ते तर आणखी मजेशीर आहे. थिओडोर रूझवेल्ट, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळात गेला तेव्हा कडक कपडे आणि बारीक आवाज यांमुळे त्याची छीथू झाली. त्याला ऑस्कर वाइल्ड म्हणून चिडवायचे. (हो, तोच वाइल्ड, जो पुढे पुरुषाशी संबंध ठेवल्याबद्दल तुरुंगात गेला.) मग गडी डाकोटात गेला, गुरं घेतली, आणि १८८५ मध्ये हरणाच्या कातड्याचा झालरीवाला सदरा घालून, बंदूक धरून फोटो काढला. कुठे? न्यूयॉर्कच्या स्टुडिओत. तो पुढे खरंच घोड्यावर राबला, ते मी नाकारत नाही. पण फोटो स्टुडिओतला. त्याचा मित्र ओवेन विस्टर, हार्वर्डचा पदवीधर, फिलाडेल्फियाचा. त्याने १९०२ मध्ये 'द व्हर्जिनियन' ही कादंबरी लिहिली. कमी बोलणारा, ताठ मानेचा काउबॉय नायक पक्का झाला तो या पुस्तकाने. त्यात गुरांचं काम शोधूनही फारसं सापडत नाही. आणि ती रुंद काठाची टोपी? तो स्टेट्सनही फिलाडेल्फियाचाच कारखानदार. म्हणजे टोपी शहरातली, कादंबरी शहरातली, फोटो शहरातला. गुराखी बिचारा कुठेतरी लांब शेकोटीपाशी.

जॉन वेनचं तर काय सांगू. मी भक्त आहे त्याचा, आजही. पण खरं नाव मॅरियन मॉरिसन. आयोवातल्या औषधविक्याचा मुलगा, कॉलेजात फुटबॉल खेळायचा. तो जे करत होता ते काम होतं, नटाचं काम, आणि ते तो झकास करायचा. त्याला गुराख्यांचा शंकराचार्य आपण केलं.

आणि सगळ्यांत भारी म्हणजे मार्लबोरो. पानटपरीवर घोडेवाला बघितलाय ना सगळ्यांनी? ही सिगारेट आधी बायकांसाठी होती. १९२०च्या दशकात तिची जाहिरात मे महिन्याच्या हवेइतकी सौम्य अशी व्हायची, आणि पुढे लिपस्टिकचा डाग दिसू नये म्हणून टोक लाल करून विकली. १९५०च्या दशकात सिगारेटने कॅन्सर होतो हे बाहेर यायला लागलं. फिल्टर लावावा तर फिल्टर म्हणजे बायकी, पुरुष घेईनात. मग शिकागोच्या जाहिरात कंपनीने बायकी सिगारेटच्या शेजारी काउबॉय उभा केला. खप वाढला तो वाढलाच. त्या जाहिरातींत दिसलेला वेन मॅकलॅरन १९९२ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला, शेवटी शेवटी सिगारेटविरुद्ध बोलत फिरत होता. त्याच जाहिरातींतले आणखीही काही जण अशाच आजारांनी गेले. काउबॉयची वाट लावली असं म्हणायचंच असेल, तर मित्रा, सुरुवात इथून कर.

आता सिनेमाकडे.

'ब्रोकबॅक माउंटन' २००५चा. मूळ कथा अ‍ॅनी प्रू या लेखिकेची, १९९७ मध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये आलेली. दिग्दर्शक अँग ली, तैवानचा. पटकथा डायना ओसाना आणि लॅरी मॅकमर्ट्री यांची. यातला मॅकमर्ट्री टेक्साससमधल्या गुरंवाल्याच्या घरातच जन्मला. काउबॉयवरच्या कादंबरीला पुलित्झर मिळालेला माणूस. ऑस्कर घ्यायला आला तोही जीन्स आणि बूट घालून. म्हणजे "त्या लोकांनी" म्हणताना कोण लोक, ते एकदा सांगा. हा तर तुमच्याच गोठ्यातला.

आणि सिनेमात ते गुरं राखतच नाहीत! मेंढरं राखतात. १९६३चा उन्हाळा, वायोमिंगचा डोंगर, दोन कंगाल पोरं, मालक हाडूत करणारा. कुरणांवरून गुरंवाले आणि मेंढरंवाले यांच्यात तिकडे एकेकाळी मुडदे पडलेत, आणि मेंढरं राखणाऱ्याला गुरंवाला हलकाच समजायचा. म्हणजे ज्याला काउबॉयची बेअब्रू म्हणताय ती मुळात मेंढक्यांची गोष्ट आहे.

सिनेमा आल्यावर काय झालं? युटातल्या एका थिएटरवाल्याने जाहीर केलेला खेळ ऐनवेळी काढून टाकला. आणि अर्नेस्ट बोर्गनाईन, स्वतः ऑस्कर मिळालेला जुना नट, त्याने सांगून टाकलं की मी बघितलेला नाही, बघायचाही नाही, आज जॉन वेन जिवंत असता तर थडग्यात तळमळला असता. वाक्य परत वाचा. जिवंत असता तर थडग्यात! पण खरं सांगू, या सगळ्या वादाचं यापेक्षा नेमकं वर्णन मला आजवर सापडलेलं नाही. बघणार नाही, पण दुखावणार. मेलेल्याच्या वतीने दुखावणार. आमच्या ग्रुपवरच्या बावीस अंगठ्यांपैकी ब्रोकबॅक किती जणांनी बघितलाय, मी विचारलं. तीन जणांनी. त्यातल्या एकाने "थोडा".

सिनेमाला आठ नामांकनं, तीन ऑस्कर. सर्वोत्तम चित्रपटाचं मात्र नाही मिळालं. जॅक निकल्सनने पाकीट उघडलं आणि 'क्रॅश' म्हणाला, स्वतःच भुवया वर करून. असो. त्यावर वीस वर्षं लोक भांडतायत.

मग काउबॉयची वाट लागली का? २०१०मध्ये कोएन बंधूंनी 'ट्रू ग्रिट' परत केला, धो धो चालला. २०१८पासून 'यलोस्टोन' मालिका, अर्ध्या अमेरिकेने बघितली. त्यातला केव्हिन कॉस्टनर घोड्यावरून बघतो तेव्हा आजही पोरं हसत नाहीत. २०१९मध्ये लिल नॅस एक्स या काळ्या पोराचं काउबॉयवरचं गाणं सलग १९ आठवडे पहिल्या नंबरवर होतं, आणि ते नंबरवर असतानाच त्याने मी गे आहे म्हणून जाहीर केलं. गाणं काही खाली आलं नाही. उलट कंट्री संगीताच्या यादीतून त्याला आधीच काढलं होतं, ते पुरेसं कंट्री नाही म्हणून. बघा, परत तेच. कोण खरा काउबॉय हे ठरवणारे लोक ऑफिसात.

२०२१मध्ये आला 'द पॉवर ऑफ द डॉग'. जेन कँपियन, न्यूझीलंडची दिग्दर्शिका. यातला फिल बरबँक हा रँचवाला म्हणजे मर्दपणाचा अर्कच. आंघोळ करत नाही, हातमोजे न घालता बैल बडवतो, भावाच्या बायकोला आणि तिच्या नाजूक पोराला सळो की पळो करून सोडतो. आणि हळूहळू कळतं की हा माणूस एवढा क्रूर का झालाय. तो स्वतः जे आहे ते लपवण्यासाठी तो दुसऱ्याच्या अंगावर तेच शोधून ठेचतोय. आपल्या गावात असा फिल नाही का? मला तर दोन माहिती आहेत.

यावर सॅम एलियट चिडला. भरघोस मिशा, खर्जातला आवाज, चाळीस-पन्नास वर्षं पडद्यावर काउबॉय केलेला नट. फेब्रुवारी २०२२मध्ये एका पॉडकास्टवर म्हणाला की हे कसले काउबॉय, उघड्या अंगाने फिरतायत, सगळीकडे समलैंगिकतेचे इशारे, आणि न्यूझीलंडच्या या बाईला आमच्या वेस्टचं काय कळतं? कँपियन बाईंनी शांतपणे उत्तर दिलं, त्याचा मतितार्थ असा की एलियट हा काउबॉय नाही, नट आहे. संपलं. पुढे त्याने माफीही मागितली, तो मोठेपणा त्याचा.

पण ज्याने ती मूळ कादंबरी १९६७मध्ये लिहिली तो थॉमस सॅव्हेज मोंटानातल्या रँचवर वाढला होता. फिल त्याने बेतला तो आपल्या सावत्र काकावर, ज्याच्या हाताखाली तो लहानाचा मोठा झाला. आणि सॅव्हेज स्वतः लग्नाचा, पोराबाळांचा, आणि समलिंगी. म्हणजे सॅक्रामेंटो शहरात जन्मलेला नट रँचवर वाढलेल्या माणसाची गोष्ट ऐकून म्हणतो, रँचवर असं नसतं!

बाहेरच्यांना काय कळतं, हा मुद्दा तर बोलूच नका. क्लिंट ईस्टवूडला ज्याने क्लिंट ईस्टवूड केलं तो सर्जिओ लिओने इटलीचा, आणि ते वाळवंट स्पेनमधलं. आणि आपला 'शोले'? रामनगरच्या खडकांवर. तेव्हा बाहेरचे चालले.

"असलं काही तेव्हा नव्हतं" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात. बायकाच नसलेल्या त्या मुलखात काउबॉय एकमेकांबरोबर नाचायचे, त्याचे फोटो आहेत. बाईच्या जागी नाचणाऱ्याच्या दंडाला रुमाल बांधायचे. नाचणारे सगळे समलिंगी होते असं मुळीच नाही, पण तेव्हा त्यांना त्याची लाज नव्हती. १९४८मध्ये किन्सीचा जाडजूड अहवाल आला, त्यात रँचवरचे, खाणीतले, लाकूडतोडीचे रांगडे पुरुष आणि त्यांचे पुरुषांशी संबंध यांची नोंद आहे. १९७६मध्ये नेवाडातल्या रिनो शहरात पहिला गे रोडिओ झाला, ब्रोकबॅकच्या तब्बल २९ वर्षं आधी. तिथे खरे बैल होते. बैल पाडताना कुणी विचारत नाही तुझं प्रेम कुणावर.

सिनेमात हे दिसलं नाही, कारण १९३४पासून हॉलिवूडची स्वतःची आचारसंहिता कडक झाली आणि त्यात हा विषयच बंद होता. १९६९मध्ये 'मिडनाइट काउबॉय' आला. पुढच्या एप्रिलमध्ये एकाच रात्री त्याला सर्वोत्तम चित्रपटाचं आणि जॉन वेनला सर्वोत्तम नटाचं ऑस्कर मिळालं. वेनने पुढे एका मुलाखतीत त्या सिनेमाला शिव्या घातल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. पण त्या रात्री दोघंही एकाच छताखाली होते आणि छत काही कोसळलं नाही.

माझी स्वतःची एक तक्रार आहे या सिनेमांबद्दल, ती वेगळी. यात गे माणूस मरतोच. ब्रोकबॅकमध्ये जॅक मरतो, पॉवर ऑफ द डॉगमध्ये फिल. (सांगून टाकलं, माफ करा. वीस वर्षं झाली आता.) जणू मरणाच्या टोलनाक्यावर पैसे भरल्याशिवाय त्यांना पडद्यावर सोडतच नाहीत. अल्मोदोवारने २०२३मध्ये अर्ध्या तासाचा एक काउबॉयपट केला, त्यात दोघंही निदान शेवटपर्यंत जिवंत राहतात. एवढ्यावर आनंद मानायचा. म्हणून प्रचार प्रचार म्हणता तेव्हा हसू येतं. असला कसला प्रचार, जो बघून माणूस तीन दिवस जेवत नाही?

पण त्या मरणाला कारण आहे, आणि इथे मला हसू येत नाही. ब्रोकबॅकमधला एनिस नऊ वर्षांचा असताना त्याचा बाप त्याला मुद्दाम नेऊन एक प्रेत दाखवतो. दोन म्हातारे रँचवाले एकत्र राहायचे, त्यातल्या एकाला हाल करून मारलेलं. बापाला पोराला धडा द्यायचा होता. तो धडा एनिसला जन्मभर पुरतो. जॅक म्हणतो आपण दोघं मिळून छोटी रँच काढू, हा नाही म्हणतो. बायकोची, अल्माची, फरफट होते. पोरींना बाप मिळत नाही. आणि शेवटी ट्रेलरमधल्या कपाटात दोन सदरे. हे सगळं समलिंगी असल्यामुळे नाही झालं. बापाने दाखवलेल्या त्या प्रेतामुळे झालं.

कथा छापून आली ऑक्टोबर १९९७मध्ये. बरोबर एक वर्षाने, ऑक्टोबर १९९८मध्ये, त्याच वायोमिंगमध्ये लॅरमी गावाबाहेर मॅथ्यू शेपर्ड नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला दोघांनी मारहाण करून कुंपणाला बांधून टाकलं. रात्रभर थंडीत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सायकलवरून जाणाऱ्या पोराला वाटलं बुजगावणं आहे. १२ ऑक्टोबरला तो गेला. मॅथ्यू समलिंगी होता. खटल्यात एका आरोपीच्या वकिलाने बचाव करून बघितला की मॅथ्यूने लगट केली म्हणून याचं डोकं फिरलं. न्यायाधीशांनी तो बचाव चालू दिला नाही.

प्रतिमा बिघडली म्हणून ज्यांना रात्री झोप लागत नाही, त्यांनी त्या कुंपणाचाही विचार करावा.

आता शेवटचं, आणि हे त्याला विचारूनच लिहितोय.

२००६मध्ये पुण्यात आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. कुणीतरी ब्रोकबॅकची सीडी आणली, तीही पायरेटेड. बघितला कशासाठी, तर हसायला. तंबूचा प्रसंग आला तेव्हा मी एक कमेंट मारली. काय, ते लिहिण्याची लाज वाटते. तिघं खदाखदा हसलो. चौथा उठला आणि गॅलरीत गेला. आम्हाला वाटलं, किळस आली गड्याला, साधा पोरगा, माणदेशातला. घरी मेंढरं होती त्यांच्या. सिनेमा संपेपर्यंत तो आत आला नाही. नंतर चौघांचा भात त्यानेच लावला, रोजच्यासारखा.

६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टाचा ३७७चा निकाल लागला. त्यानंतर आठवड्याभराने त्याचा फोन आला. तेव्हा तो देशाबाहेर होता. इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "तुला तो सिनेमा आठवतो का? मी नंतर एकट्याने बघितला. तीनदा." मी काय बोलणार. मी गप्प. तोच म्हणाला, "एक सांगू? त्यात वादळात दोन कळप मिसळतात बघ, आणि ते दोघं दिवसभर आपली मेंढरं निवडत बसतात, खुणा पुसल्यात, कळत नाही कुणाचं कुठलं. ते अगदी खरंय. आमचा बाप असाच बसायचा." मग थोडं थांबून म्हणाला, "मला वाटलं होतं माझ्यासारखा मेंढरं राखणाऱ्याच्या घरात कुणीच नसणार. असली माणसं शहरात असतात, इंग्रजी बोलणाऱ्यांत. तो एनिस बघितला आणि पहिल्यांदा वाटलं, हा आमच्यातला आहे."

काउबॉयच्या प्रतिमेवर या सिनेमांचा परिणाम काय झाला, असं मला कुणी विचारलं तर मला हा फोन आठवतो. बाकी जॉन वेन त्याच्या जागी आहे, मार्लबोरोही टपरीवर आहे. फक्त माणदेशातल्या एका पोराला पंचविशीत कळलं की डोंगरावर मेंढरांमागे उन्हातान्हात राबणारा, कुणाच्या बापाला न भिणारा माणूसही आपल्यासारखा असू शकतो. मी त्या दिवशी हसलो नसतो तर त्याला हे बारा वर्षं आधीच बोलता आलं असतं. ते माझं मी बघीन.

तर वर्गमित्रा, शेतकऱ्याबद्दल तू विचारलंस. तुझी सहा एकर आहे, तू मला शेतकरी शिकवू नकोस असं म्हणशील, बरोबर आहे. पण कर्जाने, पावसाने, ऊसबिल थकल्याने ज्याची मान वाकली नाही, त्या माणसाची इज्जत दोन तासांच्या सिनेमाने जाते असं तुला खरंच वाटतं? एवढा कच्चा आहे का रे तुझा शेतकरी?

रविवारी संध्याकाळी सहाला माझ्या घरी ब्रोकबॅक लावतोय. पडदा म्हणजे चादरच आहे, पण प्रोजेक्टर चांगला मिळालाय. ज्यांनी बघितलेला नाही त्यांना पुढची जागा. चहा मिळेल. तुला पर्सनलवर निरोप टाकलाय, निळ्या टिका दिसतायत, उत्तर अजून आलेलं नाही.